मागचे दिवे

रंगामामा गेले तो मंगळवार होता. सकाळी सहाला त्यांनी व्हॅन सुरू केली. दहा मिनिटांनी बंद केली. मग घरात जाऊन कॉटवर आडवे झाले. साडेसातला दूधवाल्याने हाक मारली. आठला डॉक्टर आले.

दहाच्या सुमारास शववाहिका गल्लीत शिरली. जमलेल्यांपैकी चार-पाच जण, कुणी कुणाला काही न सांगता, आधी तिच्या मागे गेले. डावा दिवा बंद होता.

"मामा ह्यात बसायचं न्हाईत," मामांच्या वर राहणारा संपत म्हणाला.

त्याने मामांच्याच खोलीतून मामांचीच पेटी आणली, तिच्यातला एक बल्ब काढून बसवला आणि चालकाला ब्रेक दाबायला सांगितलं. दिवा लागला. चालक बिचारा गोंधळून सगळ्यांकडे बघत होता. मग आम्ही मामांना बाहेर आणलं.

ज्यांनी रंगामामांना पाहिलेलं नाही त्यांना हे विचित्र वाटेल. आम्हा गल्लीतल्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. शाहूपुरीत मामांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळ्यांच्या वायरी त्यांच्या हाताखालून गेल्या. दुकान बंद केल्यावरही हात थांबले नाहीत. आणि हे गृहस्थ कुठल्याही गाडीकडे समोरून बघतच नसत. गल्लीत कुणी नवी गाडी आणली, पेढे वाटले, हार घातला, की मामा तडक मागे जायचे, गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे आणि म्हणायचे, "ब्रेक दाब बघू."

"मामा, समोरून तरी बघा की," मालक कळवळून म्हणायचा.

"समोरचं तू बघ. पुढचा दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतोय. मागचा दुसऱ्याला दिसावं म्हणून. म्हणून तर त्याच्याकडं कोण बघत न्हाय."

हे वाक्य मी पंचवीस वर्षांत किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. मला वाक्यं जपून ठेवायची सवय आहे, पण हे वाक्य मी त्या वेळी जपलं नाही. रोज कानावर पडणारं कोण जपतं?

त्यांच्या पेटीत बल्ब, वायरी, चिकटपट्टी आणि लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांचं एक मोठं रीळ असे. ती पट्टी त्यांनी माझ्या स्कूटरला, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दप्तरांना आणि इस्त्रीवाल्याच्या गाड्याला लावली. एकदा दूधवाल्याच्या म्हशीच्या शेपटीला बांधायला निघाले.

"मामा, म्हस हाय ही. ट्रक न्हाय," दूधवाला म्हणाला.

"मागनं येणाऱ्याला काय फरक पडतोय? आपटल्यावर दोन्ही सारखंच."

एका दूरच्या भाचीच्या लग्नात तर त्यांनी नवरा-नवरीच्या गाडीवरची झेंडूची अर्धी सजावट उपटून काढली, कारण फुलांखाली मागचे दिवे झाकले गेले होते. वरपक्षाकडचे लोक चिडले. मामा हातात झेंडूचा ढीग घेऊन शांतपणे म्हणाले, "पावणं, हार परत मिळंल. नवरदेव मिळायचा न्हाय." त्यानंतर त्यांना बरीच वर्षं लग्नांची बोलावणी कमी आली.

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. विचारलं तर हसून म्हणायचे, "पोरीकडची माणसं समोरनंच बघत्यात वो बाई. माझं समोरचं काय खास न्हाय."

धुक्याचंही त्यांचं एक शास्त्र होतं. थंडीत पहाटे अंगणात उभं राहून ते धुक्याची प्रत ठरवत. ताकाचं धुकं म्हणजे गाडी चालवायला हरकत नाही. दुधाचं म्हणजे काच खाली करून, कान देऊन चालवायची. आणि खरवसाचं. "खरवसाचं असलं तर घरात बसायचं. त्यात सुरीबी आत जाईना."

माझी आई बंगळुरूला माझ्या भावाकडे राहायला गेली त्याला चार वर्षं झाली होती. तोवर ती आमच्याच गल्लीत होती आणि मामांना 'अरे रंगा' म्हणणारी बहुधा एकटीच उरली होती. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, एका गुरुवारी पहाटे, भावाचा फोन आला. आईला रात्री दवाखान्यात हलवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. विमान धुक्यामुळे उडणार नव्हतं. मी दारात उभी राहून बसची चौकशी करत होते, तेवढ्यात समोरून व्हॅनचा आवाज आला.

"बसा," मामा म्हणाले.

"मामा, धुकं कसलं आहे?"

त्यांनी वर बघितलं नाही. "खरवसाचं. बसा तुम्ही."

सहाला निघालो. कागल मागे पडेपर्यंत निदान रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दिसत होती. पुढे तीही गेली. एवढा मोठा महामार्ग, रोज हजारो गाड्यांचा, कुणीतरी पुसून टाकावा तसा नाहीसा झाला होता. मी आयुष्यभर पुस्तकांतून डोंगर पाहिले, समुद्र पाहिले, पण माणूस किती लहान आहे हे मला त्या काचेतून दिसलं, जिच्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं. मामांनी दोन्ही काचा खाली केल्या. गार हवा आत आली आणि तिच्याबरोबर मळीचा आंबूस वास.

"कारखाना चालू हाय," मामा म्हणाले. थोड्या वेळाने चाकांखाली टक-टक असा आवाज झाला. "पूल लागला. दूधगंगा." खाली नदी होती म्हणे. मी मान बाहेर काढून पाहिलं. खाली आणि वर एकच रंग होता. हा माणूस वासावरून आणि आवाजावरून चालला होता, आणि आम्ही सरळ जात होतो. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी देवळात गेल्यावर होतं तसं काहीतरी झालं. मी पदर सावरून नीट बसले.

पुलानंतर कुठूनतरी लावणी ऐकू येऊ लागली. मोठ्याने, ढोलकीसकट. मामांनी वेग कमी केला. अगदी जवळ आल्यावर समोर उसाची भिंत उभी राहिली. ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, काठोकाठ ऊस, आणि मागे एकही दिवा नाही, फळीला नुसती एक निळी चिंधी. गाणं ट्रॅक्टरवरच्या टेपचं होतं.

आता काय होणार ते मला माहीत होतं. मामांच्या गाडीतून थंडीत कधीही गेलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. अशी ट्रॉली दिसली की मामा पुढे जायचे नाहीत. चारी इंडिकेटर लावून तिच्या मागे लागायचे आणि ती कारखान्याच्या फाट्यावर वळेपर्यंत तिच्याच चालीने चालायचे. "त्याच्या मागं दिवा न्हाय. मग आपण दिवा." यापायी संपतची एक मुलाखत हुकली होती आणि कुणाचं तरी बारसं मुलाचं नाव ठेवून झाल्यावर गाठलं होतं. आम्ही या गोष्टी सांगून हसायचो.

इंडिकेटर टिकटिकू लागले. आम्ही बैलगाडीच्या चालीने निघालो. फाटा अजून पाच-सहा किलोमीटर लांब होता आणि बंगळुरू सहाशे.

बोलायचा माझा स्वभाव नाही, आणि काय बोलायचं होतं? माझी आई जाते आहे, त्या माणसाला सोडा? असं मोठ्याने म्हणता येत नाही. मी फक्त एकदा घड्याळ पाहिलं. मान वर केली तेव्हा आरशात मामांचे डोळे होते.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "कुठं पोचलीस?"

"कागलच्या पुढे."

"अजून तिथंच?" त्याचा आवाज फुटला. "ताई, ती सारखी दाराकडं बघतेय गं."

फोन ठेवला. इंडिकेटर वाजत राहिले. मग मामांनी हॉर्न दाबून धरला, व्हॅन उजवीकडे घेतली आणि ट्रॅक्टरच्या बरोबरीने आणून काचेतून बाहेर वाकले.

"ए पावणं! मागं दिवा न्हाय तुझ्या! कडंला घे! धुकं उठस्तवर थांब!"

मफलरात गुंडाळलेलं एक डोकं लावणीच्या तालावर हलत होतं. ते वळलं नाही.

"आरं ए!" मामा ओरडले. "थांब म्हणतोय न्हवं!"

मग त्यांनी वेग वाढवला. गाणं मागे गेलं, बारीक झालं, संपलं.

तवंदीचा घाट चढलो तेव्हा धुकं एकदम खाली राहिलं आणि ऊन आलं. मागे वळून पाहिलं तर सगळा मुलूख पांढऱ्याखाली होता, फक्त टेकड्यांची डोकी वर. इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. "मामा, बघा तरी," मी म्हणाले. त्यांनी पाहिलं नाही. पुढे बेळगाव गेलं, हुबळी गेली, चित्रदुर्गचे दगडी डोंगर गेले. चहाला थांबलो तिथे उभ्या असलेल्या एकाही गाडीच्या मागे मामा गेले नाहीत.

पाच वाजता दवाखान्यात पोचलो. आई शुद्धीत होती. तिने माझा हात धरला.

"कुणाबरोबर आलीस?"

"रंगामामांबरोबर."

"रंगाबरोबर? मग इतक्या लवकर कशी आलीस?"

आई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तिचा हात माझ्या हातात होता.

तिसऱ्या दिवसाचे विधी उरकून मी आणि मामा परत निघालो. वाटेत हुबळीला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी निपाणी सोडली आणि मामांनी मला न विचारता व्हॅन महामार्गावरून खाली घेतली, ती थेट कारखान्याच्या वजनकाट्याबाहेर नेऊन उभी केली. मैदानात शंभरेक ट्रॅक्टर नंबर लागायची वाट बघत होते. मामा उतरले आणि रांगेच्या मागच्या बाजूने चालू लागले. प्रत्येक ट्रॉलीच्या पाठीशी थांबायचे, वाकायचे, पुढे जायचे. मी मागोमाग होते. पाऊण तासाने एका ट्रॉलीपाशी ते थबकले. तिच्या मागच्या फळीला निळ्या लुगड्याची चिंधी बांधली होती.

ट्रॉलीच्या सावलीत एक माणूस भाकरी खात बसला होता. गळ्यात मफलर.

"काय पायजे पावणं?"

"गुरुवारी सकाळच्या पारी, दूधगंगंच्या पुलाफुडं तूच हुतास न्हवं?"

"असंन की. रोजच असतोय. का? लागली का काय तुमच्या गाडीला?"

"न्हाय. पोचलास न्हवं?"

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. "आता हितं बसून भाकरी खातोय म्हंजे पोचलोच की!"

मामा खाली मातीत बसले. दोन्ही गुडघे हातांनी धरून, मान खाली घालून बसले. त्या माणसाने हातातला घास खाली ठेवला.

"बाई, काय हुतंय त्यास्नी?" त्याने हळू आवाजात विचारलं. "पाणी देऊ?"

मामा पाणी प्यायले, त्यांनी थोडं तोंडावर मारलं आणि मग व्हॅनमधून पेटी आणली. दीड तास खपून त्यांनी त्या ट्रॉलीला दोन दिवे बसवले. चिकटपट्टीचे तुकडे कापून मी हातावर धरले होते. काम करता करता, माझ्याकडे न बघता, ते बोलत होते.

"चुलत्याचा ट्रॅक्टर मीबी चालवायचो, वीस-बावीस वर्साचा असताना. असलंच धुकं. मागं दिवा न्हाय. कुणाच्या हुता त्या वक्ताला? तर मागनं एक गाडी आली आन् मागंच राहिली. म्हटलं, जा की म्होरं. जाईना. दोन तास माझ्या मागं. हॉर्न न्हाय, शिवी न्हाय. फाट्यावर मी वळलो, तसा गेला निघून."

"कोण होता?"

"काय म्हाईत. त्योंड दिसलंच न्हाय. ऊस सगळा पिवळा दिसायचा त्याच्या उजेडानं, येवढं ध्यानात हाय." त्यांनी वायरीचं टोक दातांनी सोललं. "मला कोण हाय मागं, सांगा? पर त्या दिवशी हुतं."

"मामा," मी म्हणाले, "माझ्यामुळे तुम्ही याला सोडलंत."

"आईनं वळखलं न्हवं तुम्हास्नी?"

"हो."

"मग झालं तर. आन् ह्योबी पोचलाय." ते वळून ओरडले, "ए भाकरीवाल्या! ब्रेक दाब बघू!"

मामा व्हॅन नेहमी भिंतीकडे पाठ करून लावत. रोज सकाळी सहाला सुरू करून ब्रेक दाबत आणि आरशात बघत बसत. गल्लीला तोही त्यांचा एक चक्रमपणा वाटायचा. परत आल्यावर एकदा मी कारण विचारलं. "मागं हुबं राहून सांगायला कोण न्हाय," ते म्हणाले. "म्हणून भिंतीला विचारतोय."

दुसऱ्या दिवसापासून मी सहाला जाऊन व्हॅनच्या मागे उभी राहू लागले. ते ब्रेक दाबायचे. "लागलं?" मी म्हणायचे, "लागले, दोन्ही." ते म्हणायचे, "बरं." एवढंच. मग मी चहा टाकायला घरी यायचे. दोन थंड्या आणि त्यांच्या मधले सगळे दिवस. त्या मंगळवारीही मी "लागले, दोन्ही" म्हणाले होते. ते "बरं" म्हणाले होते.

व्हॅनची दुसरी किल्ली त्यांनी दिवाळीतच माझ्याकडे देऊन ठेवली होती. संपत मला गाडी शिकवतो आहे. अजून मी गल्लीच्या तोंडापर्यंतच जाते. सकाळी सहाला मी व्हॅन सुरू करते, ब्रेक दाबते आणि आरशात बघते. भिंत लाल होते. दोन्ही दिवे लागतात.