तारवातली वाळवी

"नोहाच्या लाकडी तारवात वाळवीची जोडी नेमकी कुठे ठेवली होती?"

एवढाच प्रश्न. बायबलातल्या महापुरात नोहाने प्रत्येक प्राण्याची एक जोडी तारवात घेऊन वाचवली, त्यावरून. तो लोरेली टॅकेटने शाळा मंडळाच्या सभेत, अख्ख्या गावासमोर, माईकवर विचारायचा, अशी पैज तिच्या मैत्रिणीने, डेल्फाने, लावली होती. लोरेलीने ती लगेच घेतली, कारण दातांवरचे ब्रेसेस निघाल्यापासून तिला कशालाच नाही म्हणवत नव्हतं. परवापरवापर्यंत ओठ मिटून कोपऱ्यात बसणारी ही मुलगी आता स्कूलबसच्या ड्रायव्हरलाही बत्तिशी दाखवत होती.

सभेपुढे ठराव एकच होता. जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांतीच्या जोडीने देवाने सहा दिवसांत केलेली सृष्टीही शिकवायची. ठराव होता मंडळातल्या मिसेस स्ट्राउड यांचा. "रविवारी तुम्ही शिकवा, सोमवारी मी शिकवतो," जीवशास्त्राचे क्विलेन सर म्हणाले होते, "आणि हे जमत नसेल तर मी शाळा सोडतो." सरांचा तास म्हणजे लोरेलीला जागेपणी पडलेलं स्वप्न वाटायचं. सर फळ्यावर देवमाशाच्या अंगात उरलेलं जुन्या पायाचं चिमुकलं हाड काढायचे, आणि तिच्या डोळ्यांपुढे देवमासा हळूच पाण्याबाहेर येऊन पेट्रोल पंपावरून चालत जायचा. सर गेले की देवमासाही गेला. मंडळाची मतं दोनास दोन अडकली होती आणि पाचवं मत अध्यक्षांचं, म्हणजे तिच्या डॅडींचं होतं. डॅडींचा धंदा घरोघरची वाळवी मारण्याचा. डेल्फाला प्रश्न सुचला तो त्यावरूनच.

शाळेच्या जिमला नवं पॉलिश लावलं होतं, ते वाळता वाळेना. म्हणून सभा बाप्टिस्ट चर्चमध्ये भरली, आणि घोटाळा झाला तो तिथेच.

या चर्चची एक रीत आहे. रविवारी प्रवचन संपलं की पाद्री ब्रदर हर्शेल म्हणतात, "कुणाच्या मनावर भार असेल तर पुढे या." मिस ऑपल पियानोवर हळुवार भजन धरतात. मग जो कोणी मधल्या वाटेने पुढे जाईल त्याने आपलं आयुष्य प्रभूला दिलं, असं गाव समजतं आणि पुढच्या रविवारी पाण्यात बुडवून त्याचा बाप्तिस्मा करतं. लोरेलीची झाडून सगळी मावसभावंडं लहानपणीच पुढे जाऊन आली होती. ही पंधराची घोडी अजून बाकावरच. तिची ममा दर रविवारी तिच्याकडे बघून उसासे टाकायची.

सभेत भांडण लांबत गेलं. रंगीत काचांतून येणारं संध्याकाळचं ऊन लोकांच्या टकलांवर निळं-लाल होऊन सांडत होतं. त्या रंगात लोरेलीला मधल्या वाटेवरून जनावरं जोडीजोडीने जाताना दिसत होती. जिराफ, अस्वलं, आणि सगळ्यांत मागे दोन पांढरे ठिपके, वाटेतला प्रत्येक बाक चाखत.

डॅडींनी घाम पुसला. "आणखी कुणाला बोलायचंय? असेल तर पुढे या."

लोरेली उठली आणि मधल्या वाटेने समोरच्या माईककडे निघाली.

मिस ऑपल सवयीने पियानोच्या स्टुलावरच बसल्या होत्या. त्यांच्या कानावर "पुढे या" पडलं, डोळ्यांना मधल्या वाटेवर मुलगी दिसली, आणि त्यांना न विचारताच त्यांच्या बोटांनी भजन धरलं. सूर निघताच सारी सभा उभी राहिली. मागून ममाचा हुंदका आला, "अगं बाई, माझी लोरेली!"

ब्रदर हर्शेल टिश्यूचा डबा घेऊन पुढे धावले. "बोल राणी, कसला भार आहे मनावर?"

"वाळवीचा," लोरेली म्हणाली. "लाकडाच्या तारवात वाळवी कुठे ठेवली होती?"

ब्रदर हर्शेलनी क्षणभर डोळे मिटले. मग लोकांकडे वळून भरल्या आवाजात सांगितलं, "पोरीच्या मनावर फार मोठा भार आहे!"

"आमेन!" चर्च घुमलं.

शेवटच्या बाकावर क्विलेन सरांना राहवेना. पोरीची बाजू घ्यायला ते ताडताड पुढे निघाले. पण पियानो चालू होता आणि वाट तीच होती.

"क्विलेनसुद्धा!" मिसेस स्ट्राउड किंचाळल्या आणि त्यांनी सरांना मिठीच मारली.

"अहो, मला फक्त एवढंच सांगायचं होतं—"

"काही सांगू नकोस रे. प्रभूला सगळं कळतं." डोळे पुसत त्या डॅडींकडे वळल्या. "वेंडल, माझा ठराव मी मागे घेते. प्रभूच्या माणसाच्या वर्गात मी कशाला नाक खुपसू?"

टाळ्या, आमेन, सभा समाप्त. बाप्तिस्मा रविवारी, दोघांचा. डेल्फा तर इतकी घाबरली की तीही रडत होती आणि लोक तिचंही अभिनंदन करत होते.

बाहेर अंगणात काजवे उठले होते. क्विलेन सर आपल्या गाडीला टेकून, कुणी झोपेतून उठवल्यासारखे उभे होते.

"सर, माझ्यामुळे..."

"छे गं, प्रश्न झकास होता तुझा. रविवारी पाण्यात बुडवणार म्हणे. माझा दम जरा तोकडा आहे." ते हसले, पण चष्मा पुसतच राहिले. "त्याने उत्क्रांतीचा धडा शाबूत राहत असेल तर मारू एक डुबकी. खोटी तर खोटी."

घरी जाताना ट्रकमध्ये ममा गुणगुणत होती. "बाप्तिस्म्याचा पांढरा झगा रुथमावशीकडून आणते. केस मात्र वर बांध हं."

डॅडींनी ट्रक वळणावर घेतला. मग एकदम म्हणाले, "वाळवी वरच्या मजल्यावर. खाली ओल असते, ओलीत वाळवी फोफावते, खाली कुणी ठेवणार नाही."

"वेंडल!"

"विचार करतोय फक्त."

शेताडीवर धुकं उतरलं होतं आणि त्यातून देवमासा ट्रकच्या बरोबरीने चालत होता. या खेपेला तो जरा ओशाळलेला वाटला. लोरेलीने खिडकीची काच वर केली.

"ममा, डॅडी, ऐका. झगा आणू नका. उद्या सकाळी मी ब्रदर हर्शेलकडे जाऊन सांगणार आहे की मी माईकपर्यंत चालले होते, प्रभूपर्यंत नाही, आणि सर तर माझी बाजू घ्यायला आले होते. प्रभूकडे जायचं ठरलं तर आधी तुम्हाला सांगून जाईन."

ममाचं गुणगुणणं थांबलं. "आणि ठराव? ती स्ट्राउड बाई तो पुन्हा आणेल ना!"

"आणू दे. सर आमच्या धड्यासाठी खोटं बुडायला तयार झाले ममा, मी त्यांच्यासाठी खरं बोलू नको? पुढच्या सभेत माझं नाव पहिलं लिहा, डॅडी. मला देवमाशाबद्दल बोलायचंय."