बेनितोसाहेबांचा निषेध

आमचा कचऱ्याचा डबा वीतभर पलीकडे सरकला, की शेजारचे बेनितोसाहेब कोट-टाय घालून आमच्या दारात येतात. बूट पॉलिश केलेले असतात. जरा वाकून म्हणतात, "हमारा सरकार की तरफ से हम विरोध जताता है." मी डबा ओढून घेते. मग ते आत येऊन चहा पितात.

सून म्हणते, "आई, त्यांना आल्याचा चहा देत जाऊ नका. म्हणून तर डबा तेच सरकवतात."

ते मध्य अमेरिकेतल्या एका लहानशा देशाचे राजदूत होते. काही वर्षं दिल्लीत होते, हिंदी तिथलीच. कादंबऱ्याही लिहायचे. एका कादंबरीत त्यांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षाची टिंगल केली. नोकरी गेली, पासपोर्ट रद्द झाला. तिकडे आई वारली तेव्हा त्यांना जाता आलं नाही. हे मला मुलाने सांगितलं. ते स्वतः यातलं काही बोलत नाहीत.

तरी दरवर्षी त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी इथे विलायतेत, स्टॅनमोरच्या त्यांच्या घरामागच्या गार्डनमध्ये मेजवानी असतेच. पाहुणे म्हणजे आम्ही घरचे आणि समोरची नर्स. प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी. माझी खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला. पहिल्या वर्षी मी मागे जाऊन बसत होते, तर मुलगा हळूच म्हणाला, "आई, तू भारत आहेस. पुढे बस."

यंदा थंडीत त्यांचे निषेध बंद झाले. मी मुद्दाम डबा सरकवून पाहिला, कोणी आलं नाही. मुलगा विचारपूस करून आला.

"स्वतःच्या आईवर पुस्तक लिहितायत, पण अडलंय. म्हणतात, ती डोळ्यांसमोर येते, पण बोलतच नाही. हे पुस्तक राहिलं तर तिला भेटायचंही राहिलं, असं म्हणत होते."

एका दुपारी मी भाकऱ्या करत होते. आमच्याकडे परातीत नाही, दोन्ही हातांवर थापतात. सुनेला तो आवाज फार वाटतो, म्हणून ती कामावर असतानाच करते. मागच्या दाराशी बेनितोसाहेब उभे दिसले, जुन्या स्वेटरवर, पायांत सपाता. मी हात थांबवला.

"बंद मत करो, बहनजी," ते म्हणाले. त्यांच्या गावीही बायका मक्याची भाकरी अशीच हातावर थापतात म्हणे.

मी त्यांना आत बोलावून लोणी घालून भाकरी पुढे ठेवली. त्यांनी हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसले. मी थापत राहिले. मध्येच ते त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले, आतल्या खोलीतून कोणी हाक मारल्यावर आपण ओ देतो तसं.

"क्या बोले, साहब?"

"माँ बोली, हाथ धोके आओ." डोळे मिटलेलेच होते. "हम बोला, आता है."

घरच्यांपुरत्या भाकऱ्या झाल्या होत्या. मी पिठाची नवी पिशवी फोडली.