धर्माबाबांनी बसवलेली डिस्क

"सर, मॅकची डिस्क दुरुस्त करायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?"

विचारलं एकदाचं! भर वर्गात, उभं राहून! टोकावड्याच्या माझ्या मैत्रिणींनी, दिशानं आणि भाविकानं, तशी पैजच लावली होती. "भातसानगरला जाऊन चार महिने झाले, संजू. नव्या शाळेत एकाशी तरी बोललीस का गो? सरांना कायपण विचारून दाखव!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, जणू वर्गात रेडाच शिरला. सर म्हणाले, "शाळेत तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्हींवर चादर आहे. बस खाली."

बसले. पण ताठ! भर वर्गात तोंड उघडणाऱ्या मुलीला एक डिस्क काय जड आहे?

मॅक म्हणजे मामानं दिलेला जुना लॅपटॉप. त्यात आमचे टोकावड्याचे सगळे व्हिडिओ. दिशा चिखलात बसकण मारते तो, भाविका एसटीमागे चप्पल हातात घेऊन धावते तो. बाबा धरणावर ड्युटीला, आई शहापूरला शिवणकामाला. शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत आमच्या घरात बोलतं कोण? हे व्हिडिओच. आणि आता तेही अर्ध्यात अडकायला लागले होते.

शनिवारी दुपारी मी सॉफ्टवेअर निवडायला बसले. पहिल्यानं मॅकमध्ये चार हजार दोष काढले (इतके तर माझ्या आत्यालाही माझ्यात सापडत नाहीत!) आणि लगेच बाबांच्या कार्डाचा नंबर मागितला. दुसऱ्याच्या चित्रात मोठा झाडू होता. तो झाडून काय काय नेईल, कोण जाणे! तिसरं मॅकमध्ये आधीपासूनच होतं, फुकट. बटणाचं नाव 'फर्स्ट एड'. हेच! दाबलं. पाऊण तासानं उत्तर आलं: डिस्क दुरुस्त होत नाही, पुसून टाका.

आमच्याकडे रेंज फक्त खिडकीत येते. तिथूनच मामाला फोन लावून ओरडले, "मामा, मॅकची डिस्क गेली! फर्स्ट एड दिलं तरी उठत नाय! अंग नुसतं तापलंय!"

मामा म्हणाला, "स्क्रीनवर पुसायची खिडकी उघडून ठेव, पण 'हो' दाबू नकोस हां. आधी पेन ड्राइव्हवर व्हिडिओ काढायचे. मी उद्या येतो."

उघडून ठेवली. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या देवकीकाकी, हातात तेलाची वाटी. त्यांच्यामागे सापगावचे धर्माबाबा, हाडं बसवणारे. ते कोणाचा तरी खांदा बसवायला कॉलनीत आलेच होते.

"कोणाची डिस्क सरकली गो?" काकींनी विचारलं.

"मॅकची."

"पाव्हणा हाय का?"

"मामाकडून आलाय."

"वय काय?" धर्माबाबा.

"अकरा."

"आगं आय गो! एवढंसं पोर! निजवलाय कुठं?"

"टेबलावर."

"टेबलावर?" काकी किंचाळल्या.

मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण चार महिन्यांत पहिल्यांदाच कोणी मला एकामागून एक इतके प्रश्न विचारत होतं!

किंचाळी ऐकून अर्धी कॉलनी आत. कमळमावशी हळदीचं दूध घेऊन. भगीरथकाका पेशंट न्यायला चक्क खाट घेऊन! ती दारातच अडकली. अकरा माणसं टेबलाभोवती जमली, मॅककडे बघितलं, आणि असं हसू फुटलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

फक्त धर्माबाबा हसले नाहीत. "पाठ ती पाठ. तापतंय कुठं?"

"इथं," मी बोट दाखवलं.

धर्माबाबांनी तेलाचे दोन्ही अंगठे कीबोर्डवर टेकवले आणि कचकन दाबले. खट्! नेमकं 'हो'च दाबलं गेलं! एक निळी रेघ सरसर पुढे गेली. खाली अक्षरं आली: 'डिस्क पुसली. दोष नाही.'

"काय लिवलंय?"

"दोष नाय," मी कसंबसं म्हटलं.

"बसली!" धर्माबाबा गरजले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. काय करणार, सगळेच वाजवत होते!

मग चहा. घरातलं दूध पुरेना म्हणून मावशींच्या हळदीच्या दुधाचाच केला. पिवळाजर्द! तरी सगळे पाच वाजेपर्यंत बसले, एकमेकांच्या कंबरांच्या गोष्टी सांगत. आणि मग गेले. घर इतकं गप्प झालं की मला फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

मी आमच्या तिघींच्या ग्रुपवर लिहिलं, "आपले सगळे व्हिडिओ पुसले गेले!" सोबत रडण्याची बारा चित्रं.

तासाभरानं भाविकाचा नुसता अंगठा आला. मग दिशाचं उत्तर: "कुठले गो?"

मी ते बराच वेळ बघत बसले. दोनच शब्द, पण संपता संपेनात.

सातला आईबाबा आले. सगळं ऐकून बाबा हळूच म्हणाले, "चांगलंसं सॉफ्टवेअर घेऊ या का विकत?"

"नको," मी छाती पुढे काढून जाहीर केलं. "आई, बाबा, माझं ठरलंय. मॅक आता ठणठणीत आहे. पुढच्या शनिवारी दुपारी माझीच कंबर धरणार आहे! दूध जास्तीचं आणून ठेवा!"