यमुना अस्वलिणीचा लेप

एका जंगलात, मुलांनो, यमुना नावाची अस्वलीण राहत होती. तिला जुळी पिल्लं झाली आणि काही महिन्यांतच तिचे केस गळू लागले. अंग खाजवलं की पंजात झुपका येई.

अस्वलाच्या घरात असं होणं म्हणजे अब्रूचाच प्रश्न. सासूनं सांगून टाकलं, की हिला केसांची निगा ठाऊकच नाही. नवरा दमाजी म्हणाला, की ती फार विचार करते. शेजारच्या माकडिणीनं नदीच्या पाण्याला दोष दिला. त्याच पाण्यात सगळे आंघोळ करत होते, पण ते जाऊ द्या.

यमुना मुकाट्यानं टिटवी डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. बाळंतपणानंतर केस गळतात आणि पुन्हा येतात, त्या म्हणाल्या, पण तुझ्या अंगात रक्तच नाही. जेवतेस कधी? सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर, यमुनेनं सांगितलं. झोपतेस कधी? पिल्लं झोपली तर.

घरी दमाजीनं विचारलं, "औषध काय दिलं?"

"पोटभर जेव म्हणाल्या. आणि दुपारी जरा पड."

दमाजीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "याला औषध म्हणतात होय? मग मीही आजारीच आहे."

दुसऱ्या दिवशी यमुनेला गिधाडवैद्यांकडे नेलं. वैद्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता. ते सगळे संशोधनात गेले होते. त्यांच्या झाडावर दोन चित्रं टांगलेली होती : उपचाराआधी पाल, उपचारानंतर साळिंदर. दमाजीला ती फार पटली.

वैद्यांनी लेप दिला. तीळ, खोबरं, डिंक, काळे मनुके आणि मध. रोज वाटीभर लावायचा, तोही एकांतात. लेप वाळेपर्यंत आडवं पडायचं, कामाला हात लावायचा नाही.

आता सगळं घर कौतुकानं राबू लागलं. दमाजी स्वतः मध काढून आणी. सासू पिल्लांना सांभाळी आणि गुहेच्या दाराशी कुणाला फिरकू देत नसे. आत यमुना वाटी घेऊन बसे. वास सुटे. भूक तर होतीच. पहिल्या दिवशी तिनं बोट चाटलं. दुसऱ्या दिवसापासून डोक्याला काही लागलंच नाही. वाटी चाटूनपुसून ती गाढ झोपे.

पावसाळा सरेपर्यंत यमुना काळीभोर झाली. गिधाडवैद्यांनी झाडावर तिचं चित्र टांगलं. जंगलातल्या साऱ्या माद्या रांगेत उभ्या राहिल्या आणि डोक्याला लेप आणि लेपाला मुंग्या लावून घरी गेल्या.

"गुण आला," सासू समाधानानं म्हणाली. "आता लेप बंद. उद्यापासून वारुळं उकरायला जा."

सकाळी उठून यमुनेनं पाठीचे मूठभर केस ओढले, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि झुपका सासूपुढे ठेवला.

"अजून गळतात, सासूबाई."

तात्पर्य : सुनेचे केस गळू लागले, तर कारण डोक्यावरच शोधावं. शोधत शोधत ताटापर्यंत पोहोचलात, तर घरातली शांतता गळू लागते.