प्रमाण नमुना

गारदऱ्यात मालकाच्या मनात हेवा साचला की त्याच्या गाडीच्या हीटरला वास येतो. नातेवाइकाचा हेवा असेल तर करपलेल्या पाकाचा, शेजाऱ्याचा असेल तर ओल्या गोणपाटाचा आणि आपल्याच धंद्यातल्या माणसाचा असेल तर जळक्या क्लचचा. गाव सातपुड्यात उंचावर आहे. थंडीत हीटरशिवाय घाट उतरता येत नाही, आणि वास येणारी गाडी नाक्यावरून पुढे सोडत नाहीत.

जर्मनीत गाड्यांच्या हीटरवर पाच वर्षं शिकून मी परत आले ती याच कामासाठी. तिकडे नोकरी मिळत होती. पण आपल्या गावाचा वास आपणच काढला पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं, अजूनही वाटतं. बसस्टँडमागे शेड घेतली, वास मोजणारं यंत्र बसवलं, माझ्या व्हॅनवर ‘हीटर तपासणी केंद्र’ असं रंगवून घेतलं आणि नगरपालिकेकडे परवान्यासाठी अर्ज केला.

लोक मात्र सुखदेव कासदेकरांकडेच जात राहिले. घाटाच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. ते बॉनेट उघडतसुद्धा नाहीत. गाडीत बसतात, हीटर लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, “तुमच्या साडूचा हाय. त्यानं वरचा मजला चढवला ना.” मग मालकाने साडूला आणून पुढच्या सीटवर बसवायचं, हीटर पूर्ण सोडायचा आणि साडूने “आला वास” म्हणून पडताळणीच्या फॉर्मवर सही करायची. सही झाली की वास जातो. ही पद्धत जुनी आहे. मला ती अशास्त्रीय वाटत होती. माझं यंत्र घटकांची यादी छापून देतं, त्यात कुणाच्या साडूचं नाव येत नाही.

सकाळी त्यांच्या दारात सात-आठ गाड्या असत. जाताना लोक त्यांना घरचे पेरू देत. मला कोणी पेरू दिला नाही. सोळा दिवसांत माझ्या शेडसमोर एक गाडी थांबली, तीही कासदेकरांचा पत्ता विचारायला.

सतराव्या दिवशी माझ्या व्हॅनला जळक्या क्लचचा वास सुटला.

परवान्याची तपासणी तीन दिवसांवर आली होती आणि अर्जदाराचं वाहन निर्गंध असलं पाहिजे असा नियम आहे. मी केबिन फिल्टर बदलला. पाणी निघून जायच्या नळीतला कुजका पाला काढला. हीटरची जाळी उतरवून धुतली, कूलंट नवं भरलं. यंत्राने सगळे घटक शून्य दाखवले. वास होताच.

तेव्हा मी फॉर्म घेऊन कासदेकरांकडे गेले.

“काका, माझ्या व्हॅनमध्ये जरा बसाल का?”

“काऊन? मशीनले सर्दी झाली का, ताई?”

“यंत्र ठीक आहे.”

ते बसले. डोळे मिटायची त्यांना गरज पडली नाही. “आला वास,” म्हणाले, आणि माझ्याच पेनने सही केली. वास गेला.

मी निघायला हवं होतं. पण परतफेड केली पाहिजे असं मला वाटलं.

“आता मी तुमच्या जीपमध्ये बसते. माझाही असेल ना तुमच्याकडे. सही करून टाकते.”

“बसा की.”

मी पाऊण तास बसले. हीटर पूर्ण सोडला होता. नुसती ऊब येत होती.

“काच खाली करू का? घुसमटलं असन,” त्यांनी बाहेरून विचारलं.

“नको. येईल हळूहळू. काका, मी गावात केंद्र काढलं तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं ना. म्हटलं, पोरगी घरी आली, बरं झालं.”

मी उतरून व्हॅनचं दार उघडलं, तेव्हा समोरच्या हॉटेलवाल्याने नाकाला रुमाल लावून भज्यांच्या परातीवर झाकण घातलं.

तपासणीला वास निरीक्षक ढोले मॅडम आल्या. व्हॅनमध्ये दोन मिनिटं बसून त्यांनी वहीत लिहिलं.

“सहव्यवसायी हेवा. इतका शुद्ध वास मी नोकरीत पाहिला नाही. तुमचा अर्ज नामंजूर होतो, वानखडे.”

“यंत्र शून्य दाखवतंय, मॅडम.”

“दाखवू दे.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. “एक करता येईल. नाक्यावरच्या नव्या माणसांना हेव्याचा जळका क्लच आणि खरोखरचा जळका क्लच यांतला फरक कळत नाही. खात्याकडे प्रमाण नमुना नाही. तुमची व्हॅन नमुना म्हणून नोंदवली, तर केंद्राला परवाना देता येईल.”

“आणि वास गेला तर?”

“दरवर्षी तपासू. कमी झालेला चालणार नाही.”

मी सही केली. आता दर सोमवारी नाक्यावरची माणसं प्रशिक्षणाला येतात, रांगेने व्हॅनमध्ये बसतात आणि वहीत टिपून घेतात. गावासाठी काम करायला मिळतंय.

दर गुरुवारी मी घाटाच्या तोंडाशी जाते आणि अर्धा तास कासदेकरांच्या जीपमध्ये हीटर लावून बसते. ते चहा आणून देतात. आत कसलाच वास नसतो.