किंचित फेस

जर्मन येतं म्हणून सगळे ज्यांना जर्मनबाई म्हणत, त्या बाईंना धुलाईच्या कारखान्यात साडेपाच महिने झाले होते. सहा पुरे झाले की साहेब त्यांना कायम तरी करणार होते, नाहीतर नारळ देणार होते. म्हणून बाई जिवाचा आटापिटा करत. काम तसं एकच. चादरी धुणारं ते खोलीएवढं जर्मन यंत्र कुरकुरलं की साहेबांचं इंग्रजी पत्र जर्मनमध्ये करून बनवणाऱ्या कंपनीला धाडायचं. तिकडच्या दुरुस्ती खात्याला इंग्रजी येत नव्हतं आणि साहेबांना इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत पत्र लिहिणं कमीपणाचं वाटे.

साहेबांना एक खोड होती. कुठलंही संकट ते आहे तेवढं सांगतच नसत. जिन्यावरून पडून पाय मोडला तेव्हा त्यांनी दवाखान्यातून "स्लाइटली लेट होईन" असं कळवलं होतं. तक्रार करणं असभ्यपणाचं, असं त्यांचं ठाम मत. बाईंनी त्यांच्या या 'जरा', 'किंचित', 'तसं पाहिलं तर' छाप इंग्रजी शब्दांची एक वहीच केली होती. प्रत्येकापुढे तोलूनमापून जर्मन शब्द. एकट्या 'किंचित'चे सात प्रकार! त्या वहीचा बाईंना भारी अभिमान होता.

सोमवारी यंत्रातून फेस यायला लागला तो थांबेचना. साहेबांनी लिहिलं, "यंत्र किंचित जास्त फेस करतंय, असं वाटतं." बाईंनी चौथ्या प्रकारातला किंचित वापरला. उत्तर आलं, "किंचित फेस चालतो. वार्षिक तपासणीत पाहू."

मंगळवारी फेस दार ओलांडून इस्त्रीच्या टेबलांखाली शिरला.

"अहो जर्मनबाई, माझी चप्पल गेली त्यात!" इस्त्रीवाल्या मावशी ओरडल्या. "लिहा त्यांना कडक!"

पण साहेबांनी लिहिलं, "फेस थोडासा बाहेर आलाय. फार काळजीचं कारण नसावं." बाईंनी 'थोडासा'ही उतरवला आणि 'नसावं'सुद्धा. तासाभरात उत्तर: "काळजीचं कारण नाही हे वाचून आनंद झाला."

बुधवारी फेस ऑफिसात आला. साहेब खुर्चीवर चढून मजकूर सांगत होते. "लिहा, परिस्थिती अगदीच आदर्श म्हणता येणार नाही."

"साहेब, मावशी दिसेनाशा झाल्यात," बाई म्हणाल्या.

"हं. मग 'अगदीच' काढा."

फेसातून मावशींचा आवाज आला, "मी आहे हो! पण उद्याचं सांगता येत नाही!"

बाईंनी वही उघडली आणि फटकन मिटली. नोकरी गेली तर गेली, पण हे असं लिहायला आता हात धजेना. त्यांनी साहेबांना न विचारता स्वच्छ जर्मनमध्ये लिहिलं, "ऑफिसात फेस कमरेपर्यंत आलाय, इस्त्रीच्या टेबलांपाशी डोक्यावरून गेलाय. तीन दिवस काम बंद आहे. साहेब खुर्चीवर उभे आहेत. ताबडतोब या." आणि धाडून दिलं.

अकरा मिनिटांत उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, गंभीर जर्मन इंजिनिअर पेटी घेऊन दारात हजर! साबण सोडणारी झडप उघडी अडकली होती. तासाभरात त्याने ती बदलली, आणि मग खिशातून तिन्ही पत्रं काढून बाईंना काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

बाईंना वाटेल ते भाषांतर करता आलं असतं. पण आता लपवणार तरी काय? "तिसरं पत्र कुणी लिहिलं, विचारतोय. ते मी लिहिलं, साहेब. तुमचं वाक्य मी घातलंच नाही."

साहेबांनी भुवई जराशी उचलली. त्यांच्या हिशेबी हे थयथयाट केल्यासारखंच होतं. इंजिनिअरने पुढचा प्रश्न टाकला: या बाई कामाला कशा आहेत? बाईंनी तोही जसाच्या तसा सांगितला. साहेब इंग्रजीत एवढंच म्हणाले, "नॉट टू बॅड."

साडेपाच महिन्यांत बाईंनी साहेबांना कुणाचंही एवढं कौतुक करताना ऐकलं नव्हतं. त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. ताठ मानेने जर्मनमध्ये सांगितलं, "साहेब म्हणतात, उत्कृष्ट."

इंजिनिअर खूश झाला आणि भराभरा बोलत सुटला.

"आता काय?"

"म्हणतोय, असं असेल तर त्यांच्या कंपनीला मी हवी आहे. पुढच्या महिन्यापासून. तुमची हरकत आहे का?"

"हरकत?" साहेब ताडकन उभे राहिले. "अजिबात पाठवणार नाही! ह्या गेल्या तर माझा कारखाना बुडेल! सांगा त्याला!"

मावशींच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली. बाईंनी ते वाक्य शब्दन् शब्द तसंच जर्मनमध्ये सांगितलं, आवाजासकट.

संध्याकाळी नेमणुकीचं पत्र टेबलावर आलं. 'आपल्या कामावर आम्ही बऱ्यापैकी समाधानी असून आपणास कायम करण्यात येत आहे.' बाई पत्र घेऊन सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, यात एक शब्द जास्त झालाय."

साहेबांनी पत्र वाचलं, बाईंकडे पाहिलं, पेन उघडलं आणि 'बऱ्यापैकी' खोडून सही केली.