तीन साक्षीदार आणि एक खाडी

"मी कारखान्यातून रोज चाळीस ट्रक वेळेवर रवाना करतो," मी घरात ठणकावून सांगितलं. "तीन माणसं पोचवणं म्हणजे माझ्या हातचा मळ!"

तीन माणसं म्हणजे मी, बायको आणि सासूबाई. सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, अडुसष्टाव्या वर्षी लग्न करत होते. नवरी त्यांच्याच शेजारच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न नोंदणी कार्यालयात, शनिवारी साडेअकराला. एक वाजता कार्यालय बंद, आणि सोमवारपासून अधिकारी महिनाभर रजेवर! साक्षीदार तीन लागतात, आणि ते तिघेही आम्हीच. "ह्याचा संसार एकदा डोळ्यांनी बघितला की मी सुटले," असं सासूबाई गेली तीस वर्षं म्हणत होत्या.

"सरळ हायवेने जाऊ," त्या म्हणाल्या.

"हायवेने काय, पार्सलंसुद्धा जातात! आपण किनाऱ्याने जायचं. दोन वाळूचे किनारे, एक दीपगृह, मग गाडीसकट फेरीबोटीने खाडी ओलांडायची. अकराला कार्यालयाच्या दारात!"

मी कागदावर मिनिटामिनिटाचा आराखडा केला होता. त्यात एक कडक नियमही होता. समुद्र डोळ्यांनी बघायचा, मोबाइलने नाही. म्हणून तिघांचेही फोन आवाज बंद करून डॅशबोर्डच्या कप्प्यात. सासूबाईंनी आपली पर्सही गाडीतच ठेवली, कारण वाळूत हात मोकळे हवेत.

पहिला किनारा झाला. दुसरा झाला. दीपगृह झालं. सगळं वेळेच्या चार मिनिटं आधी! मी आरशातून सासूबाईंकडे असा काही बघत होतो, की त्यांनी वैतागून डोळे मिटून घेतले.

फेरीबोटीच्या धक्क्यावर नियम असा, की गाडीत फक्त चालक. बाकीच्यांनी उतरून पायी चढायचं. बायको आणि सासूबाई चढल्या, वरच्या डेकवर कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मला हात करू लागल्या. मी गाडी पुढे घेतली. तेवढ्यात तिकीटवाल्याने माझ्या नाकासमोर साखळी लावली.

"बोट भरली. पुढच्या बोटीने या!"

"अहो, माझी बायको आहे वर!"

"असू दे. आम्ही काही तिला खात नाही!"

बोट सुटली. बायकोचा हात हलायचा थांबला.

आता इथे तुम्हाला दोन घराण्यांच्या रीती सांगायला हव्यात. आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं, चुकामूक झाली की पुढच्या ठिकाणी जाऊन भेटायचं. बायकोच्या घरातलं शिक्षण नेमकं उलट. चुकामूक झाली की जिथे झाली तिथे परत यायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण हा विषय कधी निघाला नव्हता. कारण अकरा वर्षांत मी एकदाही तिच्या नजरेआड गेलो नव्हतो.

मी शहाण्यासारखा पुढची बोट पकडली. खाडीच्या मधोमध पलीकडून येणारी बोट दिसली. तिच्या कठड्याशी दोन ओळखीच्या साड्या! बायको हातवारे करत होती. सासूबाई नुसत्याच बघत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

पलीकडे उतरलो. कप्प्यातून फोन काढून मामांना लावला आणि पुन्हा कप्प्यात टाकला. "जरा पाचदहा मिनिटं उशीर होईल!"

"काही घाई नाही," मामा म्हणाले. "ताई आल्याशिवाय मी सही करायचा नाही."

मग मी विचार केला. ह्या बायका मागे गेल्या, म्हणजे यांची रीत मागे जायची दिसते. आता त्या तिथेच माझी वाट बघत बसणार. सासरच्या रीतीचा मान राखायला हवा. मी गाडी फिरवली आणि परतीची बोट धरली.

तिकडे सासूबाईंनीही विचार केला. जावईबापू पुढे गेले, म्हणजे त्यांच्यात पुढे जायची रीत असणार. जावयाचा मान राखायला हवा. त्यांनीही बोट धरली.

खाडीच्या मधोमध पुन्हा भेट झाली! या वेळी बोटी इतक्या जवळून गेल्या की सासूबाईंच्या कपाळावरची शीर दिसली.

"आता हलू नका!" मी ओरडलो.

"तुम्ही हलू नका!" त्या ओरडल्या.

आम्ही एकमेकांचं अक्षरशः ऐकलं. मी अलीकडे थांबलो, त्या पलीकडे थांबल्या. अर्धा तास दोन्ही काठांवर कडक शिस्त! मी गाडीच्या टपाला टेकून पलीकडे बघत होतो आणि मनातून चांगलाच घाबरलो होतो. मामांचं लग्न माझ्या दोन किनाऱ्यांपायी आणि एका दीपगृहापायी मोडणार होतं.

शेवटी पलीकडून आलेल्या बोटीवरचा तिकीटवाला उतरला आणि थेट माझ्याकडे आला.

"साहेब, त्या दोघी बर्फाच्या टेम्पोत बसून कार्यालयात गेल्या. निरोप आहे, पर्समधली ओळखपत्रं घेऊन या. माझ्या फोनवरून किती वेळा तुम्हाला लावला!"

मी कप्पा उघडला. माझ्या फोनवर सतरा हुकलेले कॉल.

"आणि साहेब," तो हळूच म्हणाला, "तुम्ही महिन्याचा पास का नाही काढत?"

बारा पन्नासला मी कार्यालयात घुसलो. अधिकारी घड्याळाकडे बघत होते. मुख्याध्यापिकाबाई ताठ बसल्या होत्या. बर्फाचा टेम्पोवाला दाराशी टेकून उभा होता, कारण लग्न लागतंय की नाही हे बघितल्याशिवाय त्याचाही पाय निघेना. सासूबाई भावाचा हात धरून बसल्या होत्या.

"ताई, रडू नकोस. आज नाही तर महिन्याने," मामा म्हणत होते.

"मी महिन्याने असेन की नसेन!"

मी पर्स पुढे केली. त्यांनी ती घेतली, डोळे पुसले, आणि माझ्या दंडावर एक हलकी चापट मारली. "आलात ना. बरं झालं." मला एकदम भरून आलं. इतकं बरं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

अधिकाऱ्यांनी फॉर्म टेबलावर सरकवला. "साक्षीदारांनो, चटकन सह्या करा. सात मिनिटं आहेत."

उशीर माझ्यामुळे झालेला, तेव्हा सर्वांत आधी मीच पुढे झालो. ट्रकच्या चलनावर रोज करतो तशी, दिसली पहिली रिकामी चौकट की झोकात सही! खाली दोन रेघासुद्धा मारल्या.

अधिकाऱ्यांनी फॉर्म वळवून घेतला आणि बराच वेळ बघितला. मग चष्मा काढला.

"ही वराची जागा आहे."

मुख्याध्यापिकाबाईंनी हातातलं पेन हळूच टोपण लावून पर्समध्ये ठेवलं.

"अहो!" बायको एवढंच म्हणाली.

दुसरा फॉर्म छापला, चार मिनिटांत भरला, आणि एकला एक मिनिट कमी असताना मामांचं लग्न लागलं. सासूबाई मनसोक्त रडल्या. मला मात्र त्यांनी आधीच बाहेर गाडीजवळ उभं केलं होतं, त्यामुळे ते मी खिडकीच्या गजांतून बघितलं.

तिसरा साक्षीदार म्हणून टेम्पोवाल्याने सही केली. बरोबर जागी, आणि काय सुरेख अक्षर हो त्याचं!